ताई, सांग गं याला

प्रिय गोएडराव,

आठ्या घालू नकोस. या नावाचा तुला किती राग आहे ते मला ठाऊक आहे, आणि दोन लेकरांच्या बापाला असं हाकारू नये एवढं मलाही कळतं. पण आपल्या घरात सध्या तुझं हे एकच नाव शिल्लक आहे. शाळेतलं नाव बाबा केव्हाच विसरले. माझं तर त्याच्याही आधी विसरले. तेव्हा चालवून घे.

दुपारच्या जेवणाची सुट्टी आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी बसून लिहितेय. डबा उघडाच पडलाय. मालक पुढे एका बाईंना चष्म्याच्या फ्रेमा दाखवताहेत आणि त्या बाईंना प्रत्येक फ्रेममध्ये आपण म्हाताऱ्या दिसतोय असं वाटतंय, त्यामुळे मला बराच वेळ आहे. तू म्हणशील, आज पत्र कसलं, फोन काय बिघडला? फोन बिघडला नाही रे. फोनवर तू विचारतोस, बाबा कसे आहेत. मी म्हणते, बरे आहेत. तू म्हणतोस, बरं. की झालं, दोघंही सुटलो. मग मी तुझ्या बायकोची चौकशी करते, तू माझ्या गुडघ्याची करतोस. इतकी वर्षं आपण असंच एकमेकांना सोडून देत आलो. कागदावर तसं सुटता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

परवा मी पुढची खोली झाडायला काढली होती. बाबांच्या टायपिंगच्या वर्गाची मशीनं विकून टाकली तरी त्यांच्या पायांचे खड्डे फरशीवर तसेच आहेत, ओळीने. बाबांचं टेबलही तिथेच आहे, दाराला चिकटून. घरातून बाहेर पडायला तोच एक रस्ता होता, आठवतं ना? मागच्या दोन खोल्यांतून निघायचं, खडखडणाऱ्या मशीनांच्या दोन रांगांमधून अंग चोरत जायचं, आणि दाराशी बाबांची जकात. हातातली फूटपट्टी आडवी धरायची आणि एक इंग्रजी क्रियापद म्हणायचं. उरलेली दोन रूपं आपण सांगायची, की फूटपट्टी वर. शाळेला उशीर होत असो, कुणाला ताप आलेला असो, जकात माफ नाही. आईसुद्धा भाजी आणायला निघाली की टेक-टुक-टेकन म्हणून जायची आणि जाता जाता पुटपुटायची की मेलं लग्नात एवढं विचारलं नव्हतं. मीटर बघायला येणारा तो उंच माणूस तर बाहेर पायरीवर उभा राहून सी-सॉ-सीन घोकायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा.

बाबांचा हा नाद कुठून आला ते तुला त्यांनी कधी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मला सांगितलं होतं. तरुणपणी ते कसल्याशा कचेरीत मुलाखतीला गेले होते. तिथल्या साहेबाने इंग्रजीतून विचारलं, काल दिवसभर काय केलंस ते सांग. बाबांना सगळं सांगायचं होतं, पण कालचं एकही क्रियापद तोंडात येईना. आजचं यायचं, कालचं येईना. साहेब हसला, शेजारचा कारकून हसला, आणि बाबा परत आले. त्यानंतर त्यांनी नियमाबाहेरची झाडून सगळी क्रियापदं पाठ केली, आणि मग जो समोर सापडेल त्याच्याकडून करून घेतली. नियमात बसणारी कुणालाही येतात, म्हणायचे, जी बसत नाहीत ती छातीशी धरून पाठ करावी लागतात.

आणि त्यांच्या पोटी तू आलास. जो मुलगा सगळ्या जगाला एकाच नियमात बसवायला निघाला होता! गो, गोएड. ईट, ईटेड. कॅच, कॅच्ड. बगलेत बॅट, बाहेर पोरांच्या शिट्ट्या, आणि तू फूटपट्टीसमोर घामाघूम. कधी नियम सोडायचा झालाच तर भलतीकडेच सोडायचास. ब्रिंग, ब्रँग, ब्रंग. स्लीपचं तू स्लोप केलं होतंस त्या दिवशी वर्गातली सगळी मशीनं एकदम थांबली आणि दुसऱ्या रांगेतली ती जाड वेणीवाली मुलगी हसता हसता स्टुलावरून पडली. तुला यायचं ते फक्त कट-कट-कट. त्यावर बाबा म्हणायचे, चिरंजीवांना एवढी एक कटकट तेवढी छान जमते. मग ते टेबलावर फूटपट्टी आपटायचे, गोएडराव पधारले म्हणून वर्गाला जाहीर करायचे, आणि मान न वळवता आत हाक मारायचे, ताई, सांग गं याला. मी कांदा चिरत असायची नाहीतर केस विंचरत असायची. तिथूनच ओरडायची, वेंट, गॉन. फूटपट्टी वर. तू कान लाल करून बाहेर.

पुढे पुढे तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून उडी मारून जायला लागलास. ओट्यावर तुझ्या पायाचा ठसा उमटायचा आणि आई तो गुपचूप पुसायची. आणि एक दिवस त्याच खिडकीतून पिशवी आधी टाकून तू जो गेलास, तो लिफ्ट बसवायचं काम शिकून, मोठा मिस्त्री होऊनच परत दिसलास. तेही आई गेली तेव्हा. त्या दिवशीसुद्धा तू पुढच्या दाराने आला नाहीस. माणसांनी घर भरलं होतं आणि तू मागच्या बाजूला, खिडकीखाली उभा होतास. बाबांनी तुला तिथे पाहिलं होतं. मला म्हणाले, त्याला आत घे, आज जकात नाही. मी बाहेर आले तोवर तू निघून गेला होतास.

असो. आता हल्लीचं सांगते, आणि या वेळी बरे आहेत असं म्हणणार नाही.

विसरणं कसं सुरू झालं ते तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. किल्ल्या, चष्मा, चहात दोनदा साखर. मग घराकडे यायचा रस्ता. मग मी. एका सकाळी चहा घेऊन गेले तर त्यांनी मला बसायला सांगितलं, टायपिंग पूर्वी केलंय का म्हणून विचारलं, आणि फीची घाई नाही असंही म्हणाले. मी त्यांची नवीन विद्यार्थिनी! मी हसले. काय करणार? चहा तर द्यायचाच होता. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस आहे, पण त्याच्याही हातात काही नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाबांनी त्याला राइट विचारलं, त्याने रोट, रिटन सांगितलं आणि बाबांनी त्याला बसायची परवानगी दिली. दारात सोडायला आला तेव्हा मला हळूच म्हणाला, हे पाठ केलेलं आहे ना, ते सगळ्यात शेवटी जातं. हे आहे तोवर ते आहेत असं समजा. मी ते वाक्य घट्ट धरून घरी आले.

आणि खरंच, बाकी सगळं गेलं तरी जकात राहिली. टेबलाशी बसतात, फूटपट्टी धरतात. आत्या भेटायला आली होती, तिच्यापुढेही धरली आणि म्हणाले, गो. आत्याला इंग्रजीतले चार शब्द येतात, त्यातला नेमका हा एक. भाऊ आपल्याला चालती हो म्हणाला म्हणून ती जी तरातरा निघाली, तिची मला कोपऱ्यावर गाठून समजूत घालावी लागली. दिवसा त्यांना सांभाळायला मावशी येतात. त्या उत्तर वगैरे देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. बाबांनी काहीही विचारलं तरी त्या आधी गोळी घ्या म्हणतात. संध्याकाळी मी आले की मग आमचा तास. मला तर सगळं येतंच. बिगिन, बिगॅन, बिगन. चूज, चोज, चोजन. मी बरोबर सांगायची, ते बरोबर म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायला लागायचे. पुढे काही नाही. दुकानातून परत गेलेल्या गिऱ्हाइकाला आपण जेवढं लक्षात ठेवतो, तेवढीसुद्धा मी त्यांच्यात उरत नव्हते. रोज नवी विद्यार्थिनी, रोज पैकीच्या पैकी. खरं सांगू का, मला फार वाईट वाटायचं. आयुष्यभर एकदाही चुकले नाही, त्याचं हे फळ.

मग एक दिवस चुकले. मुद्दाम नाही रे. दुकानात दिवसभर उभी होते, वर आम्ही चष्म्याचा नंबर चुकीचा दिला म्हणून एका गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं होतं. बाबा म्हणाले गो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, गोएड.

काय सांगू तुला! बाबा खुर्चीतून उठले. आपणहून, हात न धरता. फूटपट्टी आपटली. डोळ्यांत ती जुनी चमक, आवाज सगळ्या खोलीला पुरेल असा. गोएडराव पधारले! गाढवा, तुला किती वेळा सांगितलं, गाढवाच्या नातवा! आणि त्यावर स्वतःच हसले, कारण गाढवाच्या नातवाचे आजोबा कोण, हे त्यांच्या लक्षात आलं. मग मला नीट समजावलं. मग चहा मागितला. कितीतरी महिन्यांनी मागितला. आणि मी चहाला वळले तेव्हा मागून म्हणाले, ताई कुठे गेली? हाक मार तिला. ताई, सांग गं याला. तिला सगळं येतं.

मी ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या बापाला मी आठवत होते. मी समोर नव्हते, एवढंच. मी तू होते, आणि मी बाहेर गेले होते, आणि मला सगळं येत होतं. म्हटलं, येईल हो आत्ता.

त्या दिवसापासून मी चुकायचा सपाटा लावला. रोज संध्याकाळी घरी येता येता चुका ठरवायची. हसू नकोस, फार अवघड काम आहे ते. ज्याला येत नाही तो जसा चुकतो तसं ज्याला येतं त्याला चुकता येत नाही. आमच्या दुकानात कधी कधी माणसं तपासणीचा तक्ता आधीच पाठ करून येतात. अक्षरं बरोबर सांगतात, पण डोळे बारीक होत नाहीत, मान पुढे येत नाही, की मला लगेच कळतं. बाबांनाही तसंच कळायला लागलं. मी टीच्ड म्हटलं की माझ्याकडे संशयाने बघायचे, तुला येतंय, उगाच टवाळी करतोयस, असं म्हणायचे आणि खिडकीकडे वळायचे. मग मी तुझ्या चुका आठवून आठवून काढल्या. ब्रँग-ब्रंग काढलं, स्लोप काढलं. तू कसा आधी थुंकी गिळायचास, मग एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकायचास, मग डोळे मिटून धाडकन बोलायचास, तसं सगळं करून बघितलं. पन्नाशी उलटलेली बाई, बापासमोर उभी राहून तुझी नक्कल करतेय! मावशींनी एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, अहो, त्यांना कशाला चिडवता, छाती धडधडेल त्यांची. मी म्हटलं, मावशी, धडधडू दे जरा. पण रात्रभर मनाला खात राहिलं, की त्यांचं बरं व्हावं म्हणून मी हे करतेय, की ताई कुठे गेली हे एकदा ऐकायला मिळावं म्हणून करतेय? मला अजून नीटसं सांगता येत नाही.

तरी बरं चाललं होतं. एक दिवस चिडायचे, एक दिवस संशय घ्यायचे. चिडले की माझी चौकशी करायचे. ताईच्या दुकानाला आज सुट्टी नाही का? ताई जेवली का? एकदा म्हणाले, ताईला मी कधी शाब्बास म्हटलं नाही, तिचं बरोबरच असतं, काय म्हणायचं! मी तुझ्या वतीने मान डोलावली.

आणि गेल्या आठवड्यात हे सगळं संपलं. मी नेहमीप्रमाणे टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी फूटपट्टी धरली. गो, म्हणाले. मी थुंकी गिळली, भार या पायावरून त्या पायावर टाकला, आणि गोएड म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. किती मायेने बघितलं! फूटपट्टी वर केली आणि म्हणाले, शाब्बास.

मला वाटलं ऐकू आलं नसेल. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. शाब्बास, शाब्बास, म्हणाले. मग मी ईटेड म्हटलं, रन्ड म्हटलं, स्लोप म्हटलं. जे तोंडाला येईल ते म्हणत सुटले. प्रत्येकाला शाब्बास. शेवटी मी रडायला लागले, तर ते घाबरले बिचारे. टेबलाच्या खणातून रुमाल काढून दिला आणि वर्ग सुटताना मुलींना म्हणायचे तसं म्हणाले, तास झाला, आता सरळ घरी जायचं, आई वाट बघत असेल. त्यानंतर फूटपट्टी त्यांनी हातात घेतलेली नाही. मी पुढ्यात ठेवते, ते बाजूला सारतात, दुसऱ्याची वस्तू सारावी तशी. मीच त्यांना एकेक क्रियापद विचारून बघितलं. उलटून काही येत नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जे भेटायचे असतील ते भेटून जाऊ देत. मी काय करू सांग? मला सगळं येतं रे, पण हे येत नाही.

मालक दोनदा डोकावून गेले. त्या बाईंना शेवटी पहिलीच फ्रेम आवडली म्हणे, आता काचा बसवायला घ्यायला हव्यात. म्हणून आता जे सांगायला बसले होते तेच सांगते. तू ये. पैसे पाठवू का, मोठ्या डॉक्टरला दाखवू का, असलं काही विचारू नकोस. नुसता ये. आणि या वेळी खिडकीकडे जाऊ नकोस, पुढच्या दाराने ये. मी त्यांना टेबलाशी बसवून ठेवीन, फूटपट्टी हाताशी ठेवीन. त्यांच्यासमोर उभा राहा आणि त्यांनी विचारायची वाट न बघता आपणहून जकात भर. तुझ्या आवाजात, तुझ्या पद्धतीने, तुला येते तशी. माझी नक्कलच होती, ती चालेनाशी झाली. तुझं अस्सल आहे, कदाचित चालेल. नाहीच चाललं, तर ते तुला शाब्बास म्हणतील. जन्मात तुला त्यांच्याकडून ते मिळालं नाही, तर निमूटपणे घे आणि पाया पड. आणि चाललं, ते उठले, तुला गाढव म्हणाले, तर रागावू नकोस. थांब तिथेच. त्यानंतर ते तुला मला हाक मारायला सांगतील. त्यांनी सांगितलं की हाक मार मला, मोठ्याने मार. मी आत कांदा चिरत असेन. या खेपेला मी तिथून ओरडणार नाही, हात पुसून बाहेर येईन, त्यांच्यासमोर.

तुझीच, दाराआड उभी असलेली,
ताई